एकाच ताग्यातला शर्ट

राजुरीच्या सार्थकला नोकरी लागली आणि तिच्यासोबत पोटदुखीही लागली. ती डॉक्टरला दाखवण्यासारखी नव्हती. समोरच्या टेबलावर बसणाऱ्या संयमचा शर्ट दिसला की ती सुरू व्हायची आणि संध्याकाळी आळेफाट्याची जीप पकडली की जरा थांबायची.

नारायणगावात एका ठिबक सिंचन कंपनीचं ऑफिस होतं. तिथं ही दोन पोरं एकाच दिवशी रुजू झाली होती. सार्थकच्या घरी राजुरीत द्राक्षं आणि टोमॅटो. संयम हा बाजारपेठेतल्या केवलचंद कापडवाल्यांचा धाकटा मुलगा. दोघंही उमेदवार, आणि कायम होणार फक्त एक. ऑफिसच्या प्रमुख अक्षदा मॅडमनी हे पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. ज्याला जागा मिळेल त्याच्याकडं अख्खा जुन्नर तालुका, कंपनीची गाडी आणि दारावर नावाची पाटी. सार्थकनं ती पाटी मनातल्या मनात केव्हाच ठोकली होती.

घरचं दुकान असताना माणसानं दुसऱ्याच्या भाकरीवर हात का टाकावा, हे त्याला कळत नव्हतं. संयम म्हणायचा, "दुकान दादाचं आहे रे. मला गल्ल्यावर बसून जन्म काढायचा नाही." हे भरल्या पोटाचं बोलणं आहे, असं सार्थकचं ठाम मत होतं.

पण खरी आग लावली ती कपड्यांनी. एकदा दोघं शिवारातून धुळीनं माखून आळेफाट्याच्या हॉटेलात शिरले. पोऱ्यानं फडकं मारून खुर्ची पुढं केली आणि संयमला म्हणाला, "बसा साहेब." मग सार्थककडं वळून, "तुला काय रे, कटिंग का फुल?" धूळ दोघांच्या अंगावर सारखीच होती. सार्थकनं चहा घेतला, पण घशाखाली उतरताना तो निव्वळ काढा झाला.

आता सार्थकला कपड्यांची हौस नव्हती असं कुणी म्हणू नये. उलट जरा जास्तच होती. काळा चकचकीत शर्ट, त्यावर लाल फुलं. गुडघ्यावर फाटलेली जीन्स, तीही दुकानातून फाटकीच विकत आणलेली. पट्ट्याला वाघाचं तोंड. गावच्या जत्रेत हा अवतार उठून दिसायचा, पण ऑफिसात पोरगं जत्रेतून वाट चुकून आल्यासारखं वाटायचं. आणि संयमचं काय, तर फिकट रंगाचा साधा शर्ट. बाह्या ऑफिसात खाली सोडलेल्या, शेतात कोपरापर्यंत दुमडलेल्या. पट्टा आणि बूट एका रंगाचे. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर, ना इकडं ना तिकडं. बास, एवढंच! त्या एवढ्याशा साधेपणासाठी शेतकरी त्याला 'साहेब' म्हणत आणि शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलेल्या सार्थकला 'ए पोरा' म्हणत. जीव जळणार नाही तर काय होणार?

एकदा संयमनं जरा भीतभीतच विषय काढला. "सार्थक, रागावू नकोस, पण शर्ट थोडा सैल घेत जा. काखेत ओढतोय. आणि तुला फिकट निळा शोभेल. दुकानात ये ना, पप्पा काढून देतील."

"तुझं बरंय. तागेच्या तागे घरात पडलेत."

"नवा तागा फोडू देतात होय मला?" संयम हसला. "गिऱ्हाइकांना देऊन जे उरतं, त्यात माझा शर्ट बसवतात."

सार्थकनं तोंडावर मान डोलावली आणि मनात म्हणाला, हलवायाचा पोरगा म्हणे शिळी जिलेबी खातो! शिवाय याच्या दुकानातून, याच्या बापाच्या हातून, याच्या सल्ल्यानं शर्ट घ्यायचा आणि तो घालून याच्यापुढं उभं राहायचं? त्यापेक्षा गोणपाट बरं.

वैशाखात मॅडमनी जाहीर केलं की राजुरीत बागायतदारांचा मेळावा घ्यायचा. सार्थकचे चुलते सयाजी नाना जागा देणार होते, त्यांच्याच बागेशेजारी मांडव, आणि जेवणही त्यांचंच. "दोघांनीही बोलायचं," मॅडम म्हणाल्या. "राजुरीची माणसं जो जिंकेल, त्याचं नाव मी पुण्याला पाठवते."

सार्थकच्या अंगात वारं शिरलं. स्वतःचं गाव, स्वतःची भावकी, चुलत्याचा मांडव! पण लगेच दुसरी शंका आली. पिकतं तिथं विकत नाही. ज्या माणसांनी त्याला चड्डीत पाहिलंय, त्यांच्यापुढं तो टापटीप संयम उभा राहिला तर? त्या विचारानं त्याचं दुपारचं जेवण अर्धं राहिलं.

आणि नेमका तेव्हाच संयम डबा झाकत त्याच्याकडं वळला. "राजुरीला काय घालून यावं रे? तुझं गाव आहे, तुला माहीत."

माणसाच्या मनातली घाण अशी आधी ठरवून बाहेर येत नाही, ती जिभेवर तयारच असते. सार्थक म्हणाला, "ब्लेझर आहे ना तुझ्याकडं? तोच घाल."

"वैशाखात?"

"आमच्याकडची माणसं द्राक्षं परदेशी पाठवतात, संयम. साध्या शर्टात गेलास तर कुणी उभं करणार नाही."

संयमनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "बरं झालं विचारलं. थँक्यू, राव."

सार्थकला राहिलेल्या अर्ध्या डब्याची एकदम भूक लागली.

त्या रविवारी त्यानं घरातली लोखंडी पेटी उघडली. आपल्याकडं लग्नात आहेर म्हणून शर्ट-पँटचे पीस येतात, ते अशाच पेटीत जातात. तिथून ते दुसऱ्या लग्नात, तिथून तिसऱ्या. एखादा पीस गावभर हिंडून मूळ मालकाच्याच घरी परत आल्याचीही उदाहरणं आहेत. सार्थकनं बदामी, चॉकलेटी, मेंदी रंगाचे पीस बाजूला केले आणि तळाशी त्याचा हात थांबला. फिकट निळा, त्यावर दिसेल न दिसेल अशी बारीक रेघ. कागदावर केवलचंदांच्या दुकानाचा शिक्का! म्हणजे त्यांच्याच दुकानातला माल, आणि त्यांचे उपकार शून्य. सार्थकला वाटलं, देव आहे.

"कुणाचा गं हा?" त्यानं आईला विचारलं.

साधनाबाई भाजी निवडत होत्या. "सयाजी नानांचा. त्यांच्या आरोहीच्या लग्नातला. तू व्हतास कुठं तवा, परीक्षा व्हती तुजी. पर सार्थक, त्यो पीस न्हाई का, समद्यास्नी..."

"आई, मला उशीर होतोय," म्हणत तो पीस काखेत मारून निघालासुद्धा.

आळेफाट्यावर पप्पू टेलरनं कापड हातात घेतलं आणि मिशीत हसला. "ह्यो पीस लई चाललाय बघ यंदा."

"चालणारच. भारी आहे."

"काखेत जरा ढिला ठिवू का? भाषण करायचं म्हनतोस."

तीच गोष्ट संयम म्हणाला नसता तर सार्थकनं ऐकलीही असती. "नको. एकदम फिट पाहिजे."

मेळाव्याच्या सकाळी त्यानं शर्ट चढवला, आरशात पाहिलं आणि स्वतःला हळूच 'साहेब' म्हणून घेतलं. वाघाच्या तोंडाचा पट्टा घरी ठेवला. दादाभाऊंचा, म्हणजे बापाचा, साधा काळा पट्टा लावला. संयमच्या पट्ट्याकडं इतके दिवस चोरून बघितलं होतं, ते असं कामी आलं.

मांडवात सगळ्यात आधी त्याला धाकटे चुलते दिसले. फिकट निळा शर्ट, बारीक रेघ. सार्थक थबकला. चुलत्यांच्या शेजारी त्यांचा थोरला, तोही निळा. सतरंजी अंथरणारे दोघं निळे. खुर्च्या मांडणारा निळा. पाण्याचा टँकर मागं घ्यायला हात करणारा निळा. मोटारसायकलवरून दादाभाऊ उतरले, बाप माणूस, तेही निळे. आणि मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांना हात जोडून उभे असलेले खुद्द सयाजी नाना नखशिखांत निळे.

साधनाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आल्या. "सांगत व्हते तुला! नानांनी लग्नात अख्खा तागाच घेतला. भावकीत कुणाला भारी, कुणाला हलका, असा हेवादावा नको म्हनून समद्यास्नी एकच पीस. आन् आज कार्य त्यांच्या दारात. त्यांचा आहेर अंगावर घालून आलं की त्यास्नी मान. तू बी घातलास, लई झ्याक केलंस बाळा."

हेवा नको म्हणून घेतलेलं कापड! सार्थक हेव्यापायी ते काखेत मारून टेलरकडं पळाला होता. आता भर मांडवात तो कुठं उभा आहे हे त्याचं त्यालाही शोधावं लागलं असतं. मॅडम गाडीतून उतरल्या, निळ्या गर्दीवर नजर फिरवली आणि त्याच्याच अंगावरून पुढं गेल्या. "सार्थक आला नाही का?" त्यांनी दादाभाऊंना विचारलं.

तेवढ्यात संयम उतरला. गडद रंगाचा बंद गळ्याचा ब्लेझर, वरपर्यंत लावलेली बटणं, कपाळावर घामाच्या धारा. मांडवात खसखस पिकली. "नवरदेव कुठला रं?" "घोडं मागं राहिलं काय, पावणं?" एक म्हातारबाबा तर कोटाचं कापड चिमटीत धरून म्हणाले, "पोराला हिवताप तर न्हाई ना?" संयम कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं गर्दीत सार्थकला शोधलं. सार्थकनं नजर दुसरीकडं वळवली. शर्टाचं दुःख तो क्षणभर विसरला होता, इतकं त्याला बरं वाटत होतं.

संयम बोलायला उभा राहिला. आवाज अडखळत होता, घाम डोळ्यात उतरत होता. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. सार्थकला दारावरची पाटी स्पष्ट दिसू लागली. आणि तेव्हाच सयाजी नाना उठले. "आवं पावणं, काढा त्यो कोट! आमच्या दारात मानूस उकडून मेलं तर आमचीच बदनामी."

संयमनं ब्लेझर काढला. आत फिकट निळा शर्ट होता. त्यावर बारीक रेघ होती.

 मांडवात असा काही हशा उसळला की बागेतले पक्षी उडाले. नानांनी दोन्ही हात पसरले. "आरं, ह्यो तर आमचा आहेर! पावणं, तुमी आमच्या कोणत्या नात्यातलं?"

संयमही आता हसत होता. "नाना, तुमचा तागा आमच्याच दुकानातून गेला. शेवटी तुकडा उरला, त्यात पप्पांनी माझा शर्ट बसवला."

"म्हंजे लग्नाचा आहेर तुमाला बी पोचला की! मग तुमी भावकीतलंच झालं. बसा रं खाली समदी, आपलं पोरगं बोलतंय."

आपलं पोरगं! सार्थकच्या कानात कुणी तरी कढत तेल ओतलं. साहेबपणा तर संयमनं नेलाच होता. आता चुलता नेला, भावकी नेली, आणि तीही सार्थकनंच सुचवलेल्या ब्लेझरच्या जोरावर. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. वर डोळ्यांना छळायला तो शर्ट होताच. कापड तेच, त्याच ताग्यावरून फाडलेलं, पण संयमच्या अंगावर ते मोकळं पडलं होतं, खांद्यावर नीट बसलं होतं. भावकीच्या पोटांवर तेच कापड ताणलं होतं. आणि सार्थकच्या अंगावर? ते लवकरच कळणार होतं.

संयमनं बाह्या दुमडल्या, ठिबकची नळी हातात घेतली आणि घरातल्या माणसांशी बोलावं तसं बोलत गेला. पाणी कुठं वाया जातं, नळीत क्षार का साचतो, छाटणीनंतर किती सोडायचं. लोक विचारत होते, तो सांगत होता. मग सार्थकची पाळी आली. त्यानं दाखवायला नळी डोक्यावर उंच धरली आणि काखेत टर्रकन आवाज झाला. पुढच्या रांगेतला चुलता पोटतिडिकीनं म्हणाला, "पोरा, हात खाली कर." पुढचं सगळं भाषण त्यानं दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून केलं. काय बोलला ते त्यालाही आठवत नाही.

नंतर पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं. मॅडमना, संयमला. सार्थक पुढं सरकला तसे नाना म्हणाले, "घरच्याला कसला आलाय सत्कार? जा, पंगतीचं बघ." आणि त्याच्या हातात मासवडीच्या रश्श्याची बादली आली.

फाटकी काख दाबून वाढत वाढत तो संयमच्या ताटाशी आला. ताटात नुसता भात आणि दही. रश्श्यात लसूण आहे आणि संयम लसूण खात नाही, हे गावात फक्त सार्थकला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर आईनं त्याच्यासाठी वेगळं काही केलं असतं. त्यानं सांगितलं नव्हतं. संयमनं ताटावर हात आडवा धरला आणि शेजारी बसलेल्या मॅडमना म्हणाला, "मॅडम, आजचं सगळं श्रेय याचं. ब्लेझर घाल असं यानंच सांगितलं. मी म्हटलं, वैशाखात कशाला? आता कळलं. नाना कोट काढायला लावणार आणि माणसं आपलीशी होणार, हे याला आधीच माहीत होतं."

मॅडमनी मान वर केली. "खरंच? हे तू ठरवून केलंस?"

बादली सार्थकच्या हातात जड झाली होती. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. तो म्हणाला, "माझंच गाव आहे ना, मॅडम."

"कपडे कसे घालावेत ते शिकता येतं, सार्थक. माणसं ओळखणं शिकवता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि जोडीदाराला पुढं करून स्वतः मागं राहिलास. मला असाच माणूस हवाय." संयमनं दह्याचा हात पाण्यानं धुतला आणि सगळ्यात आधी त्यानंच टाळी वाजवली.

पाटी लागली. गाडी आली. मंचरला जागा निघेल तेव्हा बघू, असं सांगून संयमला थांबवण्यात आलं, आणि तो ज्या गल्ल्याला कंटाळून बाहेर पडला होता, त्याच गल्ल्यावर परत गेला. जाताना त्यानं सार्थकचा हात दाबला आणि म्हणाला, "अभिनंदन, साहेब." त्यात खोच शोधायचा सार्थकनं खूप प्रयत्न केला. सापडली असती तर त्याला फार बरं झालं असतं. पण ती नव्हतीच. समोरच्या रिकाम्या टेबलाकडं बघताना पोटदुखी मात्र परत सुरू झाली. आता ती शर्टाची नव्हती. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून माणसाला इतकं सहज हसता कसं येतं, या गोष्टीचा त्याला हेवा वाटत होता.

एका दुपारी तो केवलचंदांच्या दुकानात गेला. जुन्नरमध्ये मोठी बैठक होती आणि घालायला धड शर्ट नव्हता, हे कारण स्वतःला सांगायला पुरेसं होतं. गल्ल्यावर केवलचंद एकटेच होते. त्यांनी चष्म्यावरून त्याचे खांदे पाहिले, काही न विचारता फळीवरचा एक नवाकोरा तागा ओढला आणि कात्री लावली. "संयमनं सांगून ठेवलंय, सार्थक आला की त्याला फिकट निळाच द्या, आणि टेलरला काखेत सैल ठेवायला सांगा."

त्यांनी कापड उलगडून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि आरशाकडं वळवलं.

"तुमच्या राजुरीच्या दिवशी आमचं घरात भांडण झालं बरं का," ते सहज बोलत राहिले. "मी म्हटलं, कापडवाल्याचा मुलगा तू, एवढ्या उन्हात ब्लेझर घालतोस? लोक हसतील. ऐकेचना. म्हणाला, पप्पा, त्याचं गाव आहे, तो मला खोटं कशाला सांगेल?" त्यांनी कापडाची चुणी सरळ केली. "आणि बरोबरच निघालं त्याचं. बघा साहेब, रंग शोभतो की नाही?"

सार्थकला आरशात बघता येईना. रंग शोभत होता, ते न बघताही कळत होतं.

"संयम कुठाय?" त्यानं विचारलं.

"वर जेवतोय. हाक मारू का?"

"नको. मीच जातो. त्याला एक खरं सांगायचं राहिलंय."

आणि खांद्यावरचं कापड काढायचं भान न राहता तो जिना चढू लागला.